डोंगा कोणत्या काठाला?

कुंदाताई,

गेल्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत आरोग्य खात्याचे मोठे साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर कुंदाताईंच्या परिश्रमांमुळे आज आपला हा नवा जिल्हा कोणत्याही साथीला तोंड द्यायला सज्ज आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मागच्या बाकावर होते. 'सज्ज' हा शब्द कानावर पडला आणि मी अर्धी उठलेही. मग बसले. भीती वाटली म्हणून नाही. तुझं-माझं भांडण अजून मिटलेलं नव्हतं, आणि ते मिटायच्या आधी त्या हॉलमध्ये तोंड उघडणं मला बेइमानीचं वाटलं.

म्हणून इथं बोलते. तुझ्याशीच.

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये तू पहिल्यांदा आलीस ती हातात माझं पत्रक घेऊन. आमच्या घरी कपड्यांच्या पेटीपेक्षा पत्रकांची पेटी मोठी. वडील वीज केंद्रात कामगार, युनियनची पत्रकं तेच लिहायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या सायक्लोस्टाईलच्या उरलेल्या कागदांवर. आयुष्यात सलग वाचलेली माझी पहिली ओळ 'कामगार बंधूंनो' ही होती. त्या उन्हाळ्यात बाजूच्या झोपडपट्टीत हगवणीची साथ आली आणि मी 'खुनी कोण?' असं पत्रक काढलं. तू ते आमच्या टेबलावर ठेवलंस, त्याच्यावर चहाचा कप ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलंस.

"काऊन वो पत्रकवाली, हे तू लिहिलं?"

"हो."

"राग झकास हाय. पण मीठ-साखरेचं पानी कसं करावं ते यात कुठी हाय? रागानं ढाळ थांबत नाई."

वडील हसले. मी भडकले. पाणी वाटणं सरकारचं काम आणि सरकारला जाब विचारणं माझं, असं मी तुला तोंडावर सांगितलं. तू कप उचललास. पत्रकावर गोल डाग उमटला होता. "मंग चाल माझ्यासंग," तू म्हणालीस. "जाब कुठी विचारायचा ते तरी पाहून घे."

मी आले. तुला खोटं पाडायला आले होते, हे तुला तेव्हाच कळलं असणार.

वरून हुकूम निघाला होता: उद्या मोठी साथ आली तर आपली केंद्रं, गाड्या, औषधं आणि माणसं कितपत तयार आहेत ते तपासा. जंगलातल्या भागाची तपासणी तुझ्याकडे आली, कारण तिकडे जायला दुसरं कुणी राजी नव्हतं. इतर तपासनीस केंद्रात जायचे, कपाट उघडायचे, बाटल्या बघायचे, सही करायचे आणि जेवायला बसायचे. तू कपाटाला हात लावला नाहीस. "पाहुने येनार म्हनल्यावर घर कोन झाडत नाई? कपाट त तयारच असते," असं म्हणून तू सगळ्यांत अडचणीच्या गावात जायचीस, खाटेवर आडवी व्हायचीस आणि जाहीर करायचीस, "मले पटकी झाली. न्या आता मले." सरकारी भाषेत याला रंगीत तालीम म्हणत. रंग कसला असतो ते मी कोसमटोल्याला पाहिलं.

पावसाळा सरत आला होता, पण नदी अजून काठोकाठ होती. एका काठाला आरोग्य केंद्र, दुसऱ्या काठाला कोसमटोला, आणि मध्ये सोमाजी ढिवराचा एकुलता एक डोंगा, अख्ख्या खोडातून कोरलेला. तालमीचा निरोप आधीच गेला होता. सकाळी आपण त्याच डोंग्यातून पलीकडे गेलो. गाव असं सारवलेलं होतं की तू चपला काढून हातात घेतल्यास. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, अंगणात खाट मांडलेली. तू पदर खोचून तिच्यावर पडलीस. खाटेला दोर लावून वरून जाड बांबू ओवला आणि चौघांनी खांद्यावर उचलला. केंद्राचा तरुण डॉक्टर हातात घड्याळ धरून शेजारी चालू लागला. मोठे साहेब छत्री घेऊन मागं.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. "बाई त ठनठनीत दिसते गा," ती म्हणाली, "हिले काऊन नेऊन राह्यले?"

खाटेवरून तूच उत्तर दिलंस, "नाटक करून राह्यलो आजी. फुकट हाय, पाहून घे."

सगळे हसले. मागच्या खांद्याला लालसू होता, तो हसला नाही. तो सारखा वळून शेताकडे पाहत होता. एकदा ठेचकाळला, खाट हेलकावली. "सीधा चाल ना बे," पुढचा ओरडला. मग त्यांचं आपसात गोंडीत काहीतरी बोलणं झालं, तुटक, दबलेलं. तुला मोडकीतोडकी गोंडी समजायची. तू आभाळाकडे तोंड करून पडली होतीस, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं नाटक गळून पडलेलं मी पाहिलं.

काठाशी खाट टेकली तशी तू विचारलंस, "लालसू, घरी कोन बिमार हाय?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. पुढचाच बोलला, "त्याची बायको, बाई. जुरी. रातपासून ढाळ लागली. उलटी बी."

"मंग हाय कुठी ती? मी त साऱ्या गावात फिरली."

"शेतावरच्या झोपडीत नेऊन ठेवली. साहेब येनार, त्याइले घान दिसू नाई म्हनून."

ताई, गावाला तसं कुणीही सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना आपलं घर नीट दिसावं, केंद्राच्या डॉक्टरला बोलणी बसू नयेत, एवढ्याच भल्या विचारानं त्यांनी आपलं आजारी माणूस गावाबाहेर ठेवलं होतं. साथीच्या तालमीसाठी साथीचा रोगी लपवला होता. आणि त्या रोग्याचा नवरा एका धडधाकट बाईला खांद्यावर घेऊन चालला होता.

तू उठून उभी राहिलीस.

"मॅडम, झोपून राहा," डॉक्टर गडबडला. "वेळ मोजतोय. घड्याळ चालू आहे."

"चालूच ठेवा. आता खरा रोगी येते."

आपण खाट घेऊन शेताकडे धावलो. जुरीचे डोळे खोल गेले होते. तू तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडलीस, कातडीची घडी तशीच उभी राहिली. तू मीठ-साखर कालवलीस आणि टिनाचा मग माझ्या हातात दिलास. "चमच्या-चमच्यानं देत चाल. ओकली तरी दे. थांबू नको." मी खाटेशेजारून धावत होते, पाणी निम्मं माझ्या हातावर सांडत होतं, आणि तू मागून ओरडत होतीस, "तोंडात घाल वो, साडीवर नाई!"

काठाशी पोचलो तर डोंगा नव्हता.

तालीम मोडली असं समजून मोठे साहेब त्यातून परत गेले होते. साहेबांना उतरवून सोमाजीनं रोजच्या सवयीनं डोंगा त्या काठाच्या जुन्या खुंट्याला बांधला आणि तो जेवायला घरी गेला. आपण सगळे मिळून ओरडलो. नदीच्या आवाजात आपल्याला आपलंच ओरडणं ऐकू येईना. तेव्हा तू खाली पाहिलंस. आपल्या पायाशी एक खुंटा होता. ताजा, सालही न सुकलेला.

"हा कधी गाडला?"

"सकाळीच," कुणीतरी सांगितलं. "डोंगा आज इकडं दिसला पायजे म्हने. तालीम हाय म्हनून."

एरवी डोंगा त्या काठाला राहतो. सोमाजीचं घर तिकडे, बाजार तिकडे, जंगल नाका तिकडे, साहेब तिकडे. रोगी तेवढा इकडे.

लालसूनं नदीत उडी घेतली तेव्हा तू "नको!" म्हणून किंचाळलीस. तुझा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मध्यावर त्याचं डोकं दिसेनासं झालं. जुरी खाटेवरून काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. तू तिचा हात धरलास पण नजर पाण्यावरून हलवली नाहीस. फार खाली, वळणाजवळ, तो पुन्हा वर आला. डोंगा घेऊन येताना सोमाजी सगळ्यांना शिव्या देत होता, नदीला, साहेबाला आणि स्वतःलाही.

केंद्राच्या दारात सलाईनची पेटी जीपमध्ये चढत होती. ती उसनी आणलेली होती, दुसऱ्या दिवशी पुढच्या केंद्रात तालीम होती ना! तू जीपसमोर उभी राहिलीस. "पेटी उतरवा. नाई त माझ्या अंगावरून न्या." पेटी उतरली. जुरी वाचली.

संध्याकाळी व्हरांड्यात साहेब तुला समजावत होते. "शेवटी रोगी पोचला ना, कुंदाताई? म्हणजे यंत्रणा चालली. 'सज्ज' लिहायला हरकत काय?"

"यंत्रणा नाई चालली साहेब," तू म्हणालीस. "लालसू पोहला."

त्या एका वाक्यासाठी मी तुझ्या पाया पडले असते. पण परतीच्या वाटेवर आपण भांडलोच. मी मनातल्या मनात पत्रक जुळवून ठेवलं होतं. साहेबांचं नाव, डॉक्टरचं नाव, पेटी नेणाऱ्याचं नाव, सगळी ठळक. तू म्हणालीस, नावं नको. मी म्हणाले, नाव नसलेला गुन्हा म्हणजे पावसासारखा, कुणीच केलेला नाही. तू म्हणालीस, "डाक्टरची बदली होईल, साहेबाची होईल. काठ तोच राहील. तुले लोकाइले शरम आनायची हाय का डोंगा आनायचा हाय?"

"दोन्ही."

"मंग आधी डोंगा आन. अन् नाव छापायचं एवढंच खाजवत असन त पयले आपलं छाप."

मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. तू वाटेत सावली गावी आईकडे उतरलीस, भाताची पेज ओरपत बसलीस आणि माझ्या ताटात न विचारता लोणचं वाढलंस. तुझ्या आईनं विचारलं, "हे पोरगी मुकी हाय का?" तू म्हणालीस, "नाई माय, छपाई चालू हाय."

'तयार नाही' असंच तू लिहिलंस. आणि एक मागणी केलीस: दुसरा डोंगा, कोसमटोल्याच्या काठाचा, कायमचा. डोंग्याला झाड लागतं. जंगलात राहणाऱ्या माणसांना एक सावरीचं झाड तोडायला परवानगी लागते. त्या परवानगीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिकडेच राहिला. रस्त्यावर उभं राहून आपण लाकडानं लादलेले ट्रक जाताना पाहायचो. सूरजागडच्या डोंगरात लोखंड किती आहे ते मोजायला येणाऱ्यांना बरोबर वाट सापडते, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "हे छाप. हे खरं हाय." मग पुन्हा कचेरीत जायचीस, बाकावर बसायचीस, चपराश्याच्या पोराच्या खोकल्याला औषध द्यायचीस आणि परत यायचीस. मला वाटायचं, ही बाई आपली धार त्या बाकावर घासून बोथट करते आहे. अजूनही वाटतं. मेलीस म्हणून मी तुझं म्हणणं मान्य करणार नाही. तुझा अर्ज शहाण्यासारखा रांगेत उभा राहिला आणि उन्हाळा संपला.

मग तुझा ताप. एटापल्लीकडच्या दौऱ्यावर तू थरथरायला लागलीस तेव्हा तुझी जीप कुठल्याशा मंत्र्यांच्या ताफ्यासाठी मागवून घेतलेली होती. बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून एसटीनं चंद्रपूर. तू, जी खाटेवर पडून सगळ्यांची परीक्षा घ्यायचीस, माझ्या मांडीवर डोकं ठेवून बाकड्यावर आडवी होतीस, आणि कंडक्टर प्रत्येक थांब्यावर लोकांना सांगत होता, "मागं जा, मागं जा, बाई बिमार हाय." मलेरिया डोक्यात चढत होता. मध्येच तू डोळे उघडलेस.

"घड्याळ चालू हाय का वो?"

मला वाटलं, बरळतेस. मग तुझ्या ओठाच्या कोपऱ्यातलं हसू दिसलं.

"चालू आहे, ताई."

"माझ्या मढ्यावर पत्रक काढू नको."

मी म्हणाले, "झोप." हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. हे उत्तर तुला देणं राहिलं आहे. जीप वेळेवर मिळाली असती तर तू वाचली असतीस का, मला माहीत नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण ती मिळाली नाही, हे मला माहीत आहे. हे मी लिहायचं नाही? ज्या बाईनं साऱ्या केंद्रांना 'तयार नाही' लिहिलं, तिच्याच मरणाबद्दल मी गप्प बसायचं?

तू गेल्याचं सांगायला मी कोसमटोल्याला गेले. नदीला अजून पूर नव्हता, कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे पोचले. गोटुलाच्या अंगणात सगळे बसले. कुणी रडलं नाही. जुरी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लालसूनं फक्त एवढं विचारलं, "बाईले कोन घेऊन गेलं?" मी सांगितलं, बैलगाडी आणि एसटी. त्यानं मान हलवली.

सकाळी कुऱ्हाडींचा आवाज आला. सावर आडवी होत होती. सोमाजी ढिवर नदी ओलांडून आला होता आणि कुठून कोरायचं त्याच्या खुणा करत होता. दुपारपर्यंत नाकेदार हजर. हा जंगल खात्याचा माणूस, तुझ्याच हातून कधी काळी सुई टोचून घेतलेला.

"कोनं तोडलं झाड?"

सोमाजी खोडावर खुणा करत राहिला.

"कोनाच्या हुकमानं तोडलं, ते तरी सांगा."

"बाईच्या," लालसू म्हणाला.

"कोनती बाई?"

"डाक्टरीनबाई."

"ते त मेली ना बे!"

"मराच्या आदी सांगतलं होतं."

म्हातारी मागून म्हणाली, "पकडून ने तिले. आमाले बी पाहाची हाय."

नाकेदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं, खोडाभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं जाईल. पण नोकरी त्यालाही होती. आरोपी म्हणून त्यानं खरंच तुझं नाव लिहून घेतलं, ताई. मग माझ्याकडे वळला. "अन् तुमी कोन?" मी नाव सांगितलं. वडिलांचं नाव, गाव, क्वार्टरचा नंबर, सगळं हळू सांगितलं, म्हणजे चूक व्हायला नको. जाताना तो म्हणाला, "डोंगा तयार झाला त मले जप्त करा लागन." सोमाजीनं छिन्नी उचलली आणि म्हणाला, "तयार त होऊ दे."

पत्रक मी काढते आहे. तुझ्या मढ्यावर नाही, डोंग्यावर. सर्वांत वर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते, तुझ्या शब्दांत. त्याखाली एकच प्रश्न: तुमच्या नदीचा डोंगा कोणत्या काठाला बांधलेला असतो? साहेबांचं नाव नाही, डॉक्टरचं नाही. तेवढं तू जिंकलीस. पण तुझी जीप कुठं होती ते लिहिलं आहे, आणि ते मी खोडणार नाही. खाली नावं दोनच आहेत, नाकेदारानं लिहून घेतलेली, त्याच क्रमानं. जप्ती करायला येतील तेव्हा हाच कागद त्यांच्या हातात देणार आहे.

वरच्या डोंगरात पाऊस झाला आहे. नदीचं पाणी गढूळ झालं, काठाशी फेस दिसतो. डोंगा अर्धाच कोरून झाला आहे आणि छिन्न्या दिवसभर थांबत नाहीत. साहेबांना म्हणावं, जिल्हा सज्ज नाही. एक काठ सज्ज व्हायला निघाला आहे, तोही गुन्हा करून, आणि आधी पूर पोचतो, जप्ती पोचते की डोंगा, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

तालमीच्या दिवशी दाखवण्यापुरता गाडलेला तो खुंटा अजून तिथंच आहे. काल जुरी त्याच्या बुडाशी दगड ठोकून बसवत होती. ठोकून झाल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावून हलवून पाहिला.

हलला नाही.